बांध धरला, पण जमीन खचली



आजची नोंद आपल्या शिवारातली नाही, हजारो मैल लांबच्या एका गावाची आहे. पण सुरुवात माझ्याच खाजणातून करतो, म्हणजे हे गाव माझ्या डोक्यात का बसलं ते कळेल.

उधाणाच्या बांधाला लागून माझी दीड एकर खारजमीन आहे. दोन वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली, खारं पाणी आत घुसलं, आणि तेव्हापासून तिथं भात धड होत नाही. गेल्या महिन्यात एक जण आला. म्हणाला, जमीन पाच वर्षांच्या करारानं कोळंबीला द्या, वर्षाला रोख पैसे घ्या, बाकी आमच्यावर सोडा. रक्कम वाईट नव्हती. घरात दोन मतं झाली. मी "बघू" म्हणून वेळ काढला.

त्याच सुमाराला आमच्या गटाच्या बैठकीत एका कृषी अधिकाऱ्यांनी इंडोनेशियाचं नाव काढलं. जावा बेटाचा उत्तर किनारा, देमाक जिल्हा. म्हणाले, "तुम्ही आज ज्याचा विचार करताय ते तिथं चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलंय. एकदा बघा." मी तिथं गेलेलो नाही. मुलगी कॉलेजात आहे, तिला शेजारी बसवून अहवाल वाचून घेतले, फिल्म पाहिल्या, नकाशा उघडून किनारा न्याहाळला. त्यातून जे समजलं आणि जे माझं मत झालं, ते इथं मांडतो.

गावाचं नाव तिंबुलस्लोको. सेमारांग हे मोठं बंदराचं शहर, त्याच्या पूर्वेला लागून सायुंग तालुका, त्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. आपल्यापैकी कुणी नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. जुनी माणसं सांगतात, इथं भात पिकायचं, नारळ होते, अंगणं होती. आज तिथल्या मूळ वस्तीत अंगण उरलेलं नाही. घरं पाण्यात उभी आहेत. एका घरातून दुसऱ्या घरात जायला लाकडी फळ्यांचा साकव बांधलाय, तोच गावाचा रस्ता. दर काही वर्षांनी लोक भराव टाकून घराची जमीन उचलतात. जमीन वर आली, छप्पर तिथंच राहिलं, म्हणून आता मोठ्या माणसाला दारातून वाकून आत जावं लागतं. दफनभूमीसुद्धा पाण्यात गेली, माती टाकून ती उचलावी लागली. भरतीचं पाणी गावात शिरतं त्याला ते 'रोब' म्हणतात. आपल्याकडं उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं आणि जातं. त्यांचं रोब येतं आणि राहतं.

शेजारच्या बेडोनो गावातल्या सेनिक वस्तीची बहुतेक कुटुंबं वीसेक वर्षांपूर्वीच उठून गेली. तिंबुलस्लोको अजून उठलेलं नाही.

हे झालं कसं?

पहिला टप्पा आपल्याला ओळखीचा वाटेल. १९८० नंतर जावाच्या उत्तर किनाऱ्यावर कोळंबीची लाट आली. टायगर कोळंबीला परदेशात भाव होता. सरकारचा पाठिंबा, व्यापाऱ्याची उचल, शेजाऱ्याच्या घरावर आलेली नवी कौलं, हे सगळं बघून लोकांनी किनाऱ्यावरचं कांदळवन तोडलं आणि तळी खणली. काही वर्षं पैसा आला, हे खोटं नाही. मग १९९० च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी बसली. लोक परत बांदेंग नावाच्या माशाकडं, थोड्या कोळंबीकडं वळले. पण तोवर समुद्र आणि तळं यांच्यामधला झाडांचा पट्टा गेलेला होता.

हा किनारा गाळाचा आहे. गाळाच्या किनाऱ्याचा हिशेब साधा असतो: भरती गाळ आणते, लाट गाळ नेते. कांदळवन लाटेचा जोर मोडतं, मुळांमध्ये गाळ धरून ठेवतं, म्हणून जमा जास्त आणि खर्च कमी राहतो. झाडं गेली की खर्च वाढतो. त्यात तळ्यांचे बांध आडवे आले, त्यामुळं गाळ आत यायची वाटही बंद झाली. मग लाटेनं आधी पुढचं तळं खाल्लं, मग त्याच्या मागचं. देमाकमध्ये काही ठिकाणी समुद्र किलोमीटरपेक्षा जास्त आत आला. दगडी-सिमेंटच्या भिंती घालून पाहिल्या. पण सरळ भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना भिंतीच्या पायथ्याची माती काढते. मऊ चिखलावर उभी केलेली भिंत किती टिकणार?

दुसरा टप्पा माझ्या दृष्टीनं सगळ्यात शिकण्यासारखा.

२०१५ पासून इथं एक मोठं काम झालं. इंडोनेशियाचं मत्स्य मंत्रालय, वेटलँड्स इंटरनॅशनल, डच तज्ज्ञ आणि गावातले लोक, असे सगळे त्यात होते. कल्पना हॉलंड-जर्मनीच्या चिखलाच्या किनाऱ्यावरची जुनी: भिंत नको, कुंपण घाला. बांबूच्या किंवा लाकडाच्या दोन रांगा रोवायच्या, मधे झाडांच्या फांद्या-काटक्या दाबून भरायच्या. भरतीचं पाणी त्यातून आत जातं, पण लाटेचा जोर काटक्यांत मोडतो. आत संथ झालेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो. चिखल पुरेसा वर आला की तिवराचं बी आपोआप रुजतं.

इथं कृषी आणि वनखात्यातल्या मित्रांसाठी एक मुद्दा. त्या लोकांचा भर रोपं लावण्यावर नव्हता. गाळाची उंची, पाण्याची ये-जा आणि लाटेचा जोर जमला तर निसर्ग स्वतः पेरतो, ते नाही जमलं तर लावलेलं रोप वाहून जातं, असा त्यांचा अनुभव. आपल्याकडं फोटोपुरतं एक लाख रोपं लावली जातात, त्यांनी यावर विचार करावा.

त्याच्याच जोडीला किनारी शेतीशाळा भरल्या. मंडळी, 'शेतीशाळा' हा शब्द आपल्या कृषी विभागाच्या तोंडी आहे, पण तिची जन्मभूमी जावाच आहे. १९८० च्या दशकात तिथल्या भातावर तपकिरी तुडतुडे इतके आले की १९८६ मध्ये सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. फवारणीनं तुडतुड्यांचे शत्रू किडे मरत होते आणि तुडतुडे वाढत होते. मग १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडी मोजायला, मित्रकिडा-शत्रूकिडा ओळखायला शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या. तीच पद्धत जगभर गेली, आपल्याकडंही आली. देमाकमध्ये तीच शाळा भातातून तळ्यात उतरली. पाण्याचा सामू, खारटपणा रोज बघायचा, वहीत लिहायचं. बाहेरचं खाद्य आणि औषध कमी करायचं, घरी आंबवलेलं द्रावण तळ्यात घालून माशाकोळंबीचं नैसर्गिक खाद्य वाढवायचं. आपल्या जीवामृताचा भाऊच म्हणा. या पद्धतीनं काही शेतकऱ्यांचं कोळंबीचं उत्पादन तिपटीपर्यंत गेल्याचं त्या प्रकल्पाच्या अहवालात आहे. खाडीच्या कडेची तळी थोडी मागं घेऊन पुढं कांदळवनाला जागा सोडायची, आणि त्या बदल्यात गटाला अर्थसहाय्य, अशीही बोली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या पहिल्या दहा आदर्श पुनरुज्जीवन कामांत देमाकचं नाव घेतलं. चांगलं झालं. मानाचं काम होतंच.

आणि तरीही तिंबुलस्लोको पाण्यात आहे. इथं माझी खरी नोंद सुरू होते.

बातम्यांमध्ये या गावाचं वर्णन 'हवामान बदलामुळं बुडणारं गाव' असं येतं. त्यात खोटं नाही, पण अर्धं आहे. आता आकडे बघा. जगातला समुद्र सरासरी वर्षाला सुमारे ४ मिलीमीटर वर येतोय. सेमारांग-देमाकच्या किनाऱ्यावर जमीन काही ठिकाणी वर्षाला ८ ते १० सेंटीमीटर खाली जातेय. म्हणजे दहा वर्षांत समुद्र दोन बोटं चढला आणि जमीन कमरेइतकी खचली. कुंपणानं जमवलेला गाळ, घरात टाकलेला भराव, उचललेला बांध, सगळं त्या खचण्याच्या पोटात जातं. वर्षभर राबून जे वर आणलं ते जमीन गुपचूप खाली नेते.

खचते का? तरुण, मऊ गाळाची जमीन थोडी आपोआप बसते, वरच्या बांधकामाचं वजनही पडतं. पण मोठं कारण जमिनीखालचा उपसा. सेमारांग आणि भोवतालचे कारखाने, वसाहती, हॉटेलं खोल बोअरमधून पाणी काढतात, कारण नळाचं पाणी पुरेसं पोचत नाही आणि बोअरचं स्वस्त पडतं. वाळूच्या थरातलं पाणी निघालं की त्याच्या वरखालचे चिकणमातीचे थर पिळलेल्या फडक्यासारखे दबतात. एकदा दबलेली चिकणमाती परत फुगत नाही. पुढच्या पावसाळ्यात पाणी भरलं तरी गेलेली उंची परत येत नाही. थांबवता येतं ते फक्त पुढचं खचणं.

आणि ते थांबवता येतं, हे जगानं पाहिलंय. टोकियोतही कारखान्यांच्या उपशानं जमीन मीटरच्या मापात खचली होती. १९५० आणि ६० च्या दशकांत उपशावर कायद्यानं बंधनं आली, कारखान्यांना नदीचं पाणी दिलं गेलं, आणि १९७० नंतर खचणं जवळजवळ थांबलं. म्हणजे हा दैवाचा प्रश्न नाही. पाण्याच्या नळाचा आणि मीटरचा प्रश्न आहे.

आता गावाकडून बघा. तिंबुलस्लोकोच्या माणसानं कांदळवन तोडण्याची चूक केली, ती मान्य करून दुरुस्तीही केली. बांबू रोवले, शाळेत बसला, तळं मागं घेतलं. पण त्याच्या पायाखालचं पाणी किती उपसायचं हे त्याच्या हातात कधीच नव्हतं. ते ठरतं शहरात, परवाना देणाऱ्या कचेरीत. त्यातही गंमत बघा, गंमत म्हणायची तरी कशी. शेती गेली, तळी गेली, म्हणून गावातली तरुण पोरं-पोरी सकाळी त्याच औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला जातात. ज्या कारखानदारीच्या उपशानं गाव खचतंय, तिच्याच पगारातून घरात भराव पडतो. त्यांना दोष कसा द्यायचा? घर चालवायचंय. आपल्याकडंही एमआयडीसीत गेलेल्या पोराला कोण नावं ठेवतं?

म्हणून माझं मत सरळ आहे. गावाच्या हिमतीचं कौतुक करून विषय संपवणं मला पटत नाही. 'लढाऊ गाव', 'पाण्याशी झुंज' असे मथळे वाचायला बरे वाटतात. पण त्या कौतुकाआडून ज्यानं उपसा थांबवायचा तो सुटतो. उपसा चालू ठेवून कांदळवनाचे प्रकल्प करणं म्हणजे खालून फुटलेल्या कणगीत वरून भात ओतणं. कणगी भरत का नाही म्हणून ओतणाऱ्याला विचारायचं, उंदराला नाही!

कुंपणाचंही एक सांगायला हवं. समुद्रात लाकूड पोखरणारी अळी असते, आपल्या कोळी बांधवांना ती चांगली ठाऊक आहे. तिनं तिथले बांबू आणि खांब पोखरले. काटक्या दरवर्षी भराव्या लागतात. नंतर काही ठिकाणी काँक्रीट भरलेले प्लास्टिकचे पाइप खांब म्हणून वापरले. प्रकल्प असतो तोवर पैसा असतो. प्रकल्प २०२१ च्या सुमारास आटोपला. त्यानंतर काटकी कुणी भरायची? आपल्या खारबांधांचं दुखणं याच जागी आहे. बांध बांधायला निधी मिळतो, पण उघाडीची फळी बदलायला कुणी पैसा देत नाही. पूर्वी गावकी होती, घरटी माणूस चिखल काढायला यायचा. गावकी मोडली आणि खात्याचा माणूस काही आला नाही. माझी खांड अशीच पडली.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि शेतकऱ्यानं ही नीट ऐकावी. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात एक कलम आहे: जमीन नष्ट झाली तर मालकी संपते. २०२१ च्या नियमांत त्याची रीत ठरवून दिली. समुद्रानं खाल्लेली, खुणा न उरलेली जमीन 'नष्ट जमीन' म्हणून जाहीर होऊ शकते. मालकाला ती पुन्हा उभी करायची संधी आधी दिली जाते, पण समुद्रात भराव टाकून शेत उभं करायला कुणाच्या घरी पैसा आहे? सेमारांग-देमाक टोल रस्ता होतोय, सुमारे २७ किलोमीटरचा. सायुंग ते देमाक टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. सेमारांगकडचा टप्पा समुद्र अडवणारा बांध म्हणूनच बांधतायत. त्याच्या वाटेत बुडालेल्या जमिनी आल्या, तेव्हा हाच वाद उभा राहिला. ही जमीन म्हणायची की समुद्र? जमीन म्हटलं तर पूर्ण मोबदला. समुद्र म्हटलं तर सहानुभूती म्हणून मिळेल तेवढी रक्कम. बापजाद्यांनी कर भरलेली जमीन, दुसऱ्यांच्या उपशानं बुडाली, आणि बुडाली म्हणून तिचा भाव उतरला.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडं बांध फुटून खारं पाणी आलं, त्यात कांदळवन वाढलं. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तोडता येत नाही, आणि तोडूही नये. पण सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन, आणि हातात काहीच नाही, अशी अवस्था किती जणांची आहे? कांदळवनामुळं सगळ्या गावाचं रक्षण होतं, मग त्याची किंमत एकट्या जमीनमालकानं का भरायची? देमाकमधली ती जागा सोडण्याच्या बदल्यात पैसे देण्याची बोली मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

आता पुढं काय? इंडोनेशियाचे अध्यक्ष प्रबोवो यांनी जावाच्या उत्तर किनाऱ्यावर शेकडो किलोमीटरची महाभिंत बांधायचं ठरवलंय. खर्चाचा अंदाज ८० अब्ज डॉलर सांगितला गेलाय, २०२५ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरणही नेमलं. शहरं आणि कारखाने वाचवायला कदाचित भिंत लागेलही, मी इंजिनिअर नाही. पण शेतकरी म्हणून दोन प्रश्न विचारतो. भिंतीची रेघ गावाच्या कुठल्या बाजूनं जाणार? आणि भिंतीच्या आत उपसा चालूच राहिला तर आतली जमीन खचायची थांबणार आहे का? खचत्या जमिनीवर बांधलेली भिंतही खचते. त्या पैशातला थोडा भाग आधी नळाच्या पाण्यावर आणि बोअरच्या मीटरवर घालावा, असं माझ्यासारख्या अडाण्यालाही वाटतं. सेमारांगच्या पश्चिम भागात धरणाचं पाणी देणारी मोठी योजना सुरू झालीय. दिशा तीच हवी, वेग हवा.

तिंबुलस्लोकोचं भवितव्य मला असं दिसतं: मूळ वस्तीतलं भात परत येणार नाही, ते स्वप्न सोडावं लागेल. ज्यांना उठायचंय त्यांना मानानं, जमिनीच्या बदल्यात जमीन देऊन उठवावं. ज्यांना राहायचंय ते मासेमारीवर, खेकड्या-कोळंबीवर राहू शकतील, कारण जिथं कांदळवन परतलं तिथं मासळीही परतते. पण राहायचं की उठायचं हे त्यांनी ठरवावं, पाण्यानं नाही. आणि जे गावाच्या मागं, अजून कोरड्यात आहेत, त्यांच्यासाठी उपसा आज थांबला तर उपयोग आहे. दहा वर्षांनी थांबला तर आणखी एक तिंबुलस्लोको तयार झालेलं असेल.

आपल्या कोकणातली जमीन तशी खचत नाही, उगाच भीती घालत नाही. पण किनाऱ्यालगत बोअर वाढले की विहिरीत खारं पाणी शिरतं, हे आमच्या वाडीनं अनुभवलंय. पाच वर्षांपूर्वी ज्या विहिरीचं पाणी प्यायचो, तिच्यात आता मे महिन्यात डाळ शिजत नाही. बोअर कुणाकुणाचे, किती खोल, याची यादी ग्रामपंचायतीत नाही. ती करायला मी येत्या ग्रामसभेत अर्ज देणार आहे.

आणि ती दीड एकर? मी नाही म्हटलं. रक्कम परत एकदा ऐकली, रात्रभर झोप आली नाही, तरी नाही म्हटलं. शेजारच्या चौघांची जमीन माझ्या बांधाच्या आडोशाला आहे. तळ्यासाठी माझा बांध कापला तर पहिलं पाणी त्यांच्या भातात जाणार. त्यांच्याशी बसून बोललो. खांड बुजवायला पाच घरं मिळून तयार झाली आहेत, दिवाळीनंतर चिखल वाळला की काम धरू. समुद्राकडच्या बाजूला उगवलेलं तिवर तसंच ठेवायचं ठरलंय. बांध पूर्ण होईल की नाही सांगता येत नाही. मुलाचं मत अजूनही "पैसे घ्यायला हवे होते" असंच आहे, आणि त्याचंही चुकतं असं मी म्हणत नाही.

काम सुरू झालं की नोंद टाकीन. ज्यांच्या खारबांधाची गावकी अजून जिवंत आहे त्यांनी ती कशी टिकवली, तेवढं मात्र नक्की कळवा.